समोरचं ताट

रविवारी सकाळी पोह्यांवर तर्री ओतता ओतता नागसेनला कळलं, की आपण व्हिएतनाममध्ये जेवत बसलो आहोत. बातमी सुनेनं दिली. डिसेंबरात ती आणि अश्विन तिकडे जाणार होते, त्यामुळे धरमपेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये महिनाभर नाश्त्याच्या टेबलावर मिठाच्या बरणीइतकीच व्हिएतनामचीही हजेरी असे. दीक्षा फोनवर ह्युए नावाच्या गावातली जेवणाची ठिकाणं पाहत होती, लोकांनी टाकलेले फोटो अंगठ्यानं वर सरकवत होती, आणि एका फोटोवर तिचा अंगठा थांबला.

"बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही होय ना?"

फोटो कोण्या गोऱ्या प्रवाशानं टाकलेला. त्याला बहुधा भिंतीवरचा पंखा दाखवायचा होता, कारण खाली त्यानं लिहिलं होतं, आणि फोननं त्याचं इमानदारीनं मराठी केलं होतं: 'जेवण उत्तम. मालकीण प्रेमळ. पंखा फार आवाज करतो.' नागसेनबद्दल अवाक्षर नव्हतं. पण पंख्याखालच्या कोपऱ्यात, बदामी रंगाचा हाफ स्वेटर घातलेला, पुढे वाकून काहीतरी बोलत असलेला अडुसष्ट वर्षांचा माणूस तोच होता. समोरची खुर्ची रिकामी होती, पण जराशी मागे ओढलेली, साडी सावरून बसता येईल इतकी. त्या खुर्चीपुढे भरलेलं ताट होतं. ताटाजवळच्या पेल्यात उदबत्ती होती. तिचा धूर सरळ वर जाऊन पंख्याच्या टप्प्यात आल्यावर मोडला होता.

"अकरा मार्च दाखवून राहिलं," दीक्षा म्हणाली. "त्या दिवशी तर तुमचं पोट बिघडलं होतं ना? तुम्ही तर रूममध्ये झोपून होते."

अकरा मार्च म्हटल्यावर अश्विननं मान वर केली. त्याची आई, सरिता, दोन वर्षांआधी त्याच तारखेला गेली होती. "समोर कोण आहे, बाबा?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"मग ताट कोणाचं?"

नागसेन तर्री ओतत राहिला. पोहे तरंगायला लागले.

कोराडीच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं त्यानं कंट्रोल रूममध्ये काढली होती आणि दर पाळीला नोंदवहीत लिहिलं होतं: वेळ, घटना, कारण. आताही डोक्यात आपोआप वही उघडली. बारा चाळीस, उपाहारगृहात प्रवेश. बारा पंचावन्न, दुसरं ताट. कारण... आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मार्चपासून ते तिथंच थांबलेलं होतं. दुपारच्या डुलकीत ते हॉटेल त्याला दिसायचं. कधी कधी त्याचं मागचं दार सरळ कोराडीच्या कॅन्टीनमध्ये उघडायचं, तिथली स्वयंपाकीण रंभाबाई डोक्याला रुमाल बांधून ओगराळ्यानं सूप वाढत असायची आणि खिडकीबाहेर कूलिंग टॉवर उभे असायचे, वाफाळलेल्या प्रचंड वाट्या कुणीतरी उपड्या घालून विसरून गेल्यासारखे. त्या स्वप्नात उदबत्ती कधीच संपत नसे. संपत नसे म्हणून उठता येत नसे. दीक्षा चार वाजता चहा घेऊन आली की तो म्हणायचा, 'झोप नाही लागली,' आणि ते एका अर्थी खरंच होतं.

आता मुळात तो त्या हॉटेलात गेला होता हीच बंडखोरी होती. टूर नागपुरातली. अठ्ठावीस माणसं. आठ दिवस परदेश फिरायचा पण जिभेला लागू द्यायचा नाही, अशी चोख व्यवस्था. टूरवाल्यानं सोबत आचारी दिला होता, आचाऱ्यासोबत कुकर आणि कुकरसोबत तीन तऱ्हेची लोणची. हनोईच्या तळ्याकाठी मंडळींनी वरण-भात आणि आलू-वांगं खाल्लं आणि घरी कळवलं, 'जेवण एक नंबर, अगदी घरच्यासारखं.' सरिता असती तर तिनं कुकर तळ्यात सोडून दिला असता. ती कोराडीच्या कॉलनीच्या दवाखान्यात नर्स होती. दिवसभर पथ्याचं बोलायची आणि संध्याकाळी म्हणायची, कुठंतरी अनोळखी जागी जाऊन अनोळखी काहीतरी खाऊ. तिला दोन पदार्थांतला एक कधी निवडता आला नाही. 'नवरा तेवढा एकातूनच एक निवडला,' असं ती चारचौघांत सांगायची आणि तो मान डोलवायचा, जणू ही स्तुतीच. मग चौऱ्याऐंशी साली सीताबर्डीवर, लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, तिनं तोड काढली. डोसा एकाचा, उत्तप्पा दुसऱ्याचा, अर्ध्यावर अदलाबदल. तो कंट्रोल रूमचा माणूस. डोशाच्या बरोबर मध्यावर चमच्यानं रेघ मारायचा. ती रेघेला हात लावायची नाही, फक्त दोन्ही ताटांतल्या कुरकुरीत कडा खाऊन टाकायची आणि म्हणायची, 'अहो, अर्धं झालं.' कडा तिच्या, पोट त्याचं, असा एकोणचाळीस वर्षांचा संसार. अजूनही त्याला डोशाला कड असते हे कोणी सांगितलं तर पटकन पटत नाही.

त्या दिवशी मंडळी नावेतून नदी बघायला गेली. सरितासाठी पुण्यानुमोदन त्यानं निघायच्या आधीच विहारात करून घेतलं होतं, दान दिलं होतं, सगळं रीतसर. तरी अकरा तारीख रूमच्या खिडकीत येऊन बसली. त्यानं पोटाचं निमित्त सांगितलं आणि नाव सुटल्यावर चालायला लागला. भुरभुर पाऊस होता की धुकं होतं ते कळत नव्हतं, ओलं मात्र होत होतं. एका गल्लीत कांदा तळल्याचा वास आला. कांदा तळल्याचा वास सगळीकडे एकाच भाषेत बोलतो. तो आत वळला. दारात मालकिणीनं बोटं हलवून विचारलं, किती जण? आणि नागसेनच्या हातानं दोन बोटं वर केली. हात खोटं बोलला नाही. हाताला कोणी कळवलंच नव्हतं.

तिनं दोघांचं टेबल लावलं. तेव्हाच सांगता आलं असतं. एक बोट खाली घ्यायचं, झालं. पण तिनं मोठ्या मेहनतीनं टेबल पुसलं होतं, आणि त्यानं भिंतीवरच्या पदार्थांच्या चित्रांतली दोन दाखवून टाकली होती, आणि खुर्ची मागे ओढली होती, हे सगळं आधी आणि विचार नंतर. एका ताटात पिवळं, घडी घातलेलं, कुरकुरीत धिरडं आलं, पोटात कोळंबी आणि मुगाचे मोड. दुसऱ्यात भात, त्यावर नखाएवढे शिंपले, शेंगदाणे आणि कसला तरी हिरवा पाला. धिरडं त्यानं आपल्याकडे घेतलं. चमच्यानं रेघ मारली. कडा सोडल्या. खाता खाता तो बोलायला लागला, आधी मनात, मग ओठांत, मग पंख्याच्या आवाजाच्या आडोशानं चक्क मोठ्यानं: अश्विनला बढती मिळाली, दीक्षाला तुझी वांग्याची भाजी अजून जमत नाही, लिफ्ट परत बंद आहे, माझं बीपी बरं आहे, खोटं नाही सांगत. कोणी कोणाशी जेवताना बोलतं तेवढंच.

मालकीण दुपारचं जेवण वाढून उंचावरच्या एका फळीपाशी गेली. फळीवर एका माणसाचा फोटो होता, कान जरा मोठे, बहुधा नवरा. फोटोपुढे तिनं भाताची वाटी ठेवली, मासा ठेवला, बिअरचा छोटा पेला ठेवला, उदबत्ती लावून हात जोडले आणि परत लोकांना वाढायला लागली. तिथंच शेजारी बुद्धाची मूर्ती होती. नागसेननं मूर्तीकडे पाहिलं. मूर्तीनं काही हरकत घेतलेली दिसत नव्हती. नागपुरात असता तर नागसेननं घेतली असती. त्यानं तर त्यावर चौपानी छापली होती. 'मृत्यूनंतर काय करू नये', मुद्दे अकरा, प्रती पाचशे. चारशे साठ अजून माळ्यावर आहेत.

मग मालकिणीची नजर त्याच्या टेबलावर गेली, भरलेल्या ताटावर, ओढलेल्या खुर्चीवर, त्याच्या हलणाऱ्या ओठांवर. ती आली. खुर्चीकडे बोट करून तिनं तळहात गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. झोपली? त्यानं मान हलवली. हो. ती आत गेली, पेल्यात तांदूळ भरून त्यात उदबत्ती खोचून घेऊन आली, आणि ती सरिताच्या ताटापाशी ठेवली. सगळं मिळून अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात नागसेनच्या तोंडात अकराच्या अकरा मुद्दे तयार होते, क्रमवार. तो म्हणाला, "सरिता, अर्धं झालं." आणि त्यानं ताटं बदलली. बहुधा त्याच सुमाराला गोऱ्यानं पंख्याचा फोटो काढला.

"माझ्या फोनवर टाक तो," तो दीक्षाला म्हणाला. "आणि मी खापरखेड्याला जाऊन येतो."

"आत्ता? आत्याकडे?" अश्विन म्हणाला. "काही झालं का?"

"बारा वर्षं झाले," नागसेन म्हणाला, आणि तरंगणारे पोहे तसेच ठेवून चपला शोधायला लागला.

कोराडीच्या बाजूनं जाणाऱ्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. मानकापूर गेलं, रस्ता रुंद झाला, कोळशाचे ट्रक ताडपत्री फडफडवत शेजारून जायला लागले. झाडांच्या पानांवर राखेचा हलका हात फिरलेला. ऊन त्या पानांवरून परत येताना दुधाळ होऊन येत होतं आणि त्याला वाटायला लागलं की बस नदीतून चालली आहे. बसमध्ये तो कारणं जुळवत बसला. हाताची सवय. मालकिणीचा गैरसमज. परक्या देशात यजमानाचा मान. प्रत्येक कारण बरोबर होतं आणि एकही खरं नव्हतं. कुसुमताईपुढे ती चालणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

कुसुमताई त्याची थोरली बहीण. तिचं नाव धम्मदीक्षेच्या आधीचं, त्याचं नंतरचं. घरात दोन नावांत मिळून अख्खा इतिहास होता. छप्पन साली बाप, देवाजी, गिरणीतली पाळी सोडून दीक्षाभूमीवर गेला तेव्हा तीन वर्षांची कुसुम त्याच्या खांद्यावर होती. 'मी पाहिलं, तू तं नुसतं ऐकलं,' हे ती त्याला साठ वर्षं सुनावत आली. देवाजीनं त्या दिवशी जी वचनं घेतली त्यांत श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही, हेही होतं, आणि त्यानं ती मरेपर्यंत पाळली. नागसेननं ती पुढे छापली. माय, पार्वतीबाई, शेवटची वर्षं कुसुमकडे होती, खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीबाहेरच्या दोन खोल्यांच्या घरात. बारा वर्षांआधी ती गेली, त्याच्या पाचव्या दिवशी नागसेन चौपान्यांचा गठ्ठा घेऊन तिथं पोचला, तर मागच्या अंगणात लिंबाखाली मायचं ताट वाढलेलं: भाकर, वांग्याची भाजी, आणि शेजारी कपात चहा, कारण माय जेवणाआधी चहा घ्यायची. स्टीलचं ताट, मधोमध ठिपक्या-ठिपक्यांनी मायचं नाव कोरलेलं. तीस-चाळीस माणसं होती, विहार समितीतलेही होते, आणि तो समितीचा सचिव होता. 'आपल्यात हे नाही,' तो म्हणाला, ताट उचललं, अन्न गायीला टाकलं, नळाखाली बसून ताट राखेनं स्वतः घासलं आणि पालथं घातलं. खापरखेड्यात राखेला तोटा नव्हता. समितीनं मान डोलवली. तेव्हापासून कुसुमताई त्याच्या घरी प्रत्येक कार्याला येते, आधी येते, शेवटी जाते, आणि ताटावर बसवलं की म्हणते, 'मी जेवून आली.' अश्विनच्या लग्नात म्हणाली. सरिताच्या पुण्यानुमोदनाला सकाळी सातला येऊन संध्याकाळी पाचला म्हणाली. सरिता चार दिवस तापात होती त्यातल्या तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं होतं, 'ताईले एक शब्द बोला ना. शब्दाले काय वजन असते का?' तो म्हणाला होता, बोलीन. चौथा दिवस तेवढाच उरला आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कुसुमताई ओट्यावर उन्हात पाय पसरून तांदूळ निवडत होती. त्याला पाहून तिनं सूप बाजूला केलं.

"कोण मेलं गा?"

"कोणी नाही."

"मंग काहून आला?"

"एक फोटो दाखवाचा आहे."

"फोटो दाखवाले बसनं आला? गोलूच्या फोनवर धाडाचा असता." गोलू म्हणजे तिचा नातू, आणि तिच्या मते सगळी यंत्रं त्याचीच. पण तिनं पदरानं हात पुसले आणि फोन हातभर लांब धरला. "हा तूच होय. बापा, सुटर तं सरितानं विणेल होय, मह्यासमोर विणलं तिनं." तिनं काचेवर बोट ठेवलं तसा फोटो मोठा झाला आणि स्वेटरच्या जागी ताट आलं. ती बराच वेळ बघत राहिली. "हे कोणाचं?"

दूर वीजकेंद्राच्या बाजूला मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत गेले, शेवटच्या डब्यापर्यंत. नागसेननं तो आवाज संपू दिला.

"सरिताचं."

"उदबत्ती तूनं लावली?"

"हॉटेलवाल्या बाईनं. मी नाही म्हटलं नाही."

"अन् मंग? घासून टाकलं?"

"खाल्लं." त्याचा आवाज त्याला स्वतःलाच पंख्याच्या पलीकडून आल्यासारखा वाटला. "माझं अर्धं तिकडं ठेवलं, तिचं अर्धं इकडं घेतलं. मग तेही खाल्लं. सारं मीच खाल्लं, ताई. कडाही खाल्ल्या."

कुसुमताईनं फोन त्याच्या मांडीवर ठेवला. लिंबाकडे बघत, तांदळातला खडा सांगावा तशा आवाजात म्हणाली, "मी का मायचं ताट कावळ्यासाठी वाढलं होतं?"

"मले वाटलं..."

"तुले नेहमीच वाटते. भट होता का तिथं? पिंड होता का? भाकर होती. बाबाच्या खांद्यावर बसून मी ते ऐकेल होय गा, मले तुह्या कागदाची गरज नाही. पाच दिवस मह्या पोटात घास गेला नव्हता. भाकर घेतली का माय समोर दिसे. म्हटलं, तिचं ताट वाढते, तिच्यासंग बसते, ती म्हणन, 'खाय वं कुसुम,' तं जाईन खाली घास. च्याचा कप ठेवला होता. बसाचंच बाकी होतं." तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं. "तेवढ्यात तू आला."

अंगणातला नळ थेंब थेंब गळत होता. हाच तो नळ. त्याच्या आठवणीत ते ताट नेहमी मायचं होतं, मेलेल्या माणसाचं, म्हणजे कोणाचंच नाही असं. ते भुकेल्या बाईसमोरून उचललेलं ताट होतं, ही नोंद वहीत कुठंच नव्हती. बारा वर्षं ती 'जेवून आली' म्हणत होती आणि तो, आकडे वाचण्यात आयुष्य घालवलेला माणूस, काटा शून्यावर आहे हे पाहत नव्हता. चूक झाली, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. शब्दाला वजन होतं. सरिताचं चुकलंच होतं तेवढं.

"ताई, माझं..."

"भूक लागली का?" कुसुमताईनं विचारलं.

"पोहे तसेच ठेवून आलो."

"मंग बस आत."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, सगळ्या भांड्यांच्या मागं एक ताट पालथं होतं. ते तिनं काढलं, पदरानं पुसलं. भाकर ठेवली, वांग्याची भाजी वाढली, कांदा फोडला. नागसेननं मधलं नाव वाढण्याआधी वाचलं आणि वाढल्यावर ते दिसेनासं झालं. त्याच्यापुढे ताट सरकवून ती समोर बसली, नुसतीच.

"तू?"

"मी जेवून..." ती म्हणाली आणि अडकली. घर तिचंच होतं. जेवून यायला ती कुठं गेलेलीच नव्हती.

तो खायला लागला. वांग्याची भाजी मायच्या हातची होती. म्हणजे कुसुमच्या हातची, पण हातात तेवढा फरक राहिला नव्हता. खोलीत वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आला होता आणि भाजीची वाफ त्यात सरळ चढत होती. कोणत्या गावात बसलो आहोत हे त्याला घटकाभर आठवेना. पंखा नव्हता, तरी आवाज येत होता. भाकरीच्या मध्यावर त्यानं बोटानं रेघ मारली. रेघेअलीकडचं खाल्लं, कडा सोडल्या. तळातून ठिपक्यांची 'पार्वती' वर आली. मग त्याचा हात थांबला आणि ताट हलकेच जमिनीवरून पलीकडे सरकलं.

"हे काय?"

"अर्धं झालं."

"बुढापकाळी भाऊ आला, तं उष्टं देऊन राहिला मले."

"हो."

कुसुमताईनं ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग दाराबाहेरच्या नळाकडे. तिनं भाकरीची कड मोडली. कुरकुरीत होती, तिच्या दातांखाली वाजली. एक कड खाल्ली, दुसरी खाल्ली, मग भाजीला हात घातला आणि मान खाली घालून, घाई न करता, एकेक घास घ्यायला लागली. 'पार्वती'च्या पुढचं 'बाई' उघडं पडायला लागलं, आधी 'बा', मग 'ई'. नागसेनला काय करावं ते सुचेना. अशा वेळी त्याला एकच काम येत होतं. तो उठला, ताट घासायला घ्यावं म्हणून वाकला.

तिनं डाव्या हातानं ताटाची कड धरून ठेवली.

"बस खाली," तोंडातला घास गालात घेऊन ती म्हणाली. "माय जेवून राहिली."

विहार समितीचे माजी सचिव निमूट खाली बसले.